वाफसा

मंगळवारी संध्याकाळी सातला
जिनांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं,
आणि आर्डिथ, वय अठ्ठ्याहत्तर, चष्म्यावर चष्मा.
बाहेर उणे अठरा. बिगहॉर्नवरून उतरलेला वारा
दाराची फट चाचपडतोय.

मी शाळेची बस चालवते, तेवीस वर्षं.
हात मोठ्या चाकाला सरावलेले,
आणि ही सुरी बोटाएवढी,
माथ्यावर इवलंसं खोगीर.
तर्जनी त्यात बसवायची,
अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं तिला गिरकी द्यायची.

पहिल्या दिवशी तिनं कापू दिलंच नाही.
म्हणाली, आधी ओल शीक.
स्पंजनं पाणी पाजलं की कातडं काळवंडतं.
मग थांबायचं.
कडेकडेनं मूळ रंग परत येऊ लागतो
पण आत गारवा असतो अजून.
गालाला लावून बघ, म्हणाली,
लेकराचा ताप बघतात तसं.
तोच वाफसा.
आधी घाई केलीस तर चिखल,
उशीर केलास तर ढेकूळ.

पाण्याबाबत मात्र कुणाचंच एकमत नाही.
घोड्यांना नाल ठोकणारा ड्युएन म्हणतो,
पिशवीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव.
(त्याच्या बायकोनं एकदा ती पिशवी
मांस समजून स्वयंपाकाला काढली होती.)
माइते, बास्क मेंढपाळाची नात,
तिचे आजोबा म्हणे नुसती थुंकी लावायचे
आणि वर शिवी द्यायचे, मऊ पडायला.
आर्डिथ सगळ्यांचं ऐकून घेते,
करून बघा, म्हणते.

ठोकायला खाली ग्रॅनाइटची लादी लागते.
माझ्या वाट्याला थडग्याची आली.
पुसायला उलटी केली तेव्हा दिसलं:
कुणा कॉर्डेलियाचं नाव,
एक अक्षर गाळलेलं.
पाथरवटानं तिथंच छिन्नी खाली ठेवली असणार.
कॉर्डेलियाला दुसरा दगड मिळाला,
हा आर्डिथच्या नवऱ्यानं दहा डॉलरला उचलला.
तोही आता त्याच दफनभूमीत आहे.
स्पेलिंग तिनं स्वतः तपासलं, तीनदा.

सहाव्या मंगळवारी रानगुलाब.
पाच पाकळ्या, मध्ये बियांचे दाणे,
सभोवती फिरत जाणारा देठ.
हात फिरवू नकोस, कातडं फिरव,
ड्युएन शेजारून पुटपुटतो.
तिसऱ्या पाकळीवर मी हात फिरवला.

त्या सकाळी क्रेझी वुमन क्रीकच्या फाट्यावर
कुणीच उभं नव्हतं.
रँच विकलं गेलं, पोरं गेली,
मला कालच कळलं होतं,
तरी मी बस थांबवली, दार उघडलं,
थंडी आत घेतली, दार लावलं.
सुरीला ते कसं ठाऊक?
ती सरळ पाकळी ओलांडून गेली.

काही हरकत नाही, असं आर्डिथ म्हणाली नाही.
दोन्ही चष्म्यांतून बराच वेळ बघत राहिली.
ही चीर आता आहे, म्हणाली.
ती कुठं जाते, ते ठरव.

मग मी ती देठाकडे नेली.
एका कडेनं कातडं दाबत,
ठशावर अर्धा ठसा, अर्ध्यावर अर्धा,
मोगरीचे हलके ठोके,
कॉर्डेलियाच्या पाठीवर, टक टक टक,
माफ कर गं बाई.
नऊ वाजेस्तोवर पाकळीचं पान झालं होतं
वाऱ्यानं दुमडलेलं.
माइते म्हणाली, हे तर मुद्दामच केलंस.
मी हो म्हणाले.

शेवटी शोभेचे घाव उरतात,
नुसत्या सुरीचे, वर काही ठोकायचं नाही,
म्हणून लपवायलाही जागा नाही.
हे मी शिकवत नाही, आर्डिथ म्हणते,
ही ज्याची त्याची सही.
माझी अजून थरथरते.

हात बसला का, ड्युएन विचारतो गाडीची काच खरवडताना.
काय सांगू?
सकाळी अंधारात त्याच फाट्याशी वेग कमी होतो,
आणि चाकावरची माझी तर्जनी
आपोआप उचलली जाते,
जणू तिला कुठंतरी बसायचंय.